काळ्या प्लास्टिकला न बाधणारं पेंट प्रोटेक्शन: स्प्रे सिरॅमिक वॅक्सचा रिव्ह्यू

गाडीला कुठलं पेंट प्रोटेक्शन घ्यावं असा विषय निघाला की सगळे आधी शाइन विचारतात, मग किती महिने टिकतं ते, मग किंमत. माझं म्हणणं असं की हल्लीच्या गाड्यांसाठी पहिला प्रश्न वेगळाच पाहिजे, हे काळ्या प्लास्टिकवर पडलं तर काय होतं? माझी ब्रेझा घ्या, पांढरी आहे. चारही चाकांवरची कमान काळी, दोन्ही बाजूचं क्लॅडिंग, म्हणजे दारांखालचं प्लास्टिकचं आवरण, काळं, बंपरचा खालचा भाग काळा, वायपरखालची जाळी काळी, आरशांचा खालचा भाग काळा, शिवाय दारांच्या काचेला लागून रबराची पट्टी आहेच. पंच, नेक्सॉन, फ्रॉन्क्स, डस्टर, कुठलीही घ्या, तीच कथा. पेंटला हात लावायचा म्हणजे दर वीतभर अंतरावर प्लास्टिक आडवं येतंच. त्यामुळे पेंटसाठी कितीही भारी असलं तरी जे ट्रिम, म्हणजे हे बाहेरचं काळं प्लास्टिक आणि रबर, खराब करतं ते माझ्या दृष्टीने बाद.

सध्या मी मेग्वायर्सचं हायब्रिड सिरॅमिक वॅक्स वापरते, स्प्रे बाटलीत येतं ते, आणि हा रिव्ह्यू मुख्यतः त्याचाच आहे. पण नुसतं "छान आहे घ्या" म्हणून उपयोग नाही, हेच का आणि बाकीचं का नाही ते सांगितलं तर तुम्हाला दुसऱ्या ब्रँडचं घ्यायचं असलं तरी निवडता येईल.

आधी हे प्लास्टिक काय आहे ते बघा. बऱ्याच गाड्यांच्या क्लॅडिंगच्या किंवा बंपरच्या आतल्या बाजूला हात घालून बघितलं तर बारीक उठावदार अक्षरात पीपी, ईपीडीएम, टीडी20 असलं काहीतरी लिहिलेलं सापडतं. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम म्हणजे त्यात मिसळलेलं रबर, आणि टीडी20 म्हणजे वीस टक्के टाल्क, एक खनिज पावडर. त्यावर पेंटसारखा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, नसतो. उघडं प्लास्टिक, आणि वर बारीक दाणेदार टेक्श्चर. पेंटवर काही लागलं तर ते गुळगुळीत थरावर बसतं, फडक्याने निघतं. प्लास्टिकवर लागलं की त्या दाण्यांच्या मधल्या खाचांत जाऊन बसतं आणि फडकं फक्त वरून फिरतं.

आता वॅक्स पांढरं डाग का पाडतं? लोक म्हणतात वॅक्स पांढरं असतं म्हणून. वॅक्स स्वतः एवढं पांढरं नसतं, कार्नौबा तर ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, पिवळसर असतं. पण बाजारातल्या बऱ्याचशा पॉलिश-वॅक्समध्ये घासायला म्हणून बारीक पावडर असते, क्लीनर वॅक्स म्हणतात त्यात तर असतेच, आणि रबिंग कंपाउंडमध्ये सगळ्यात जास्त. पातळ भाग उडून जातो आणि पावडर व मेण खाचेत वाळून राहतं. काळ्यावर पांढरं, लांबून दिसतं. आणि पाण्याने जात नाही कारण मेण आहे, पाण्याला हाकलायचं तेच तर त्याचं काम.

आमच्या शेजारच्या काकांच्या गाडीचं हेच झालं. एका कार स्पावाल्याकडे (नाव घेत नाही) मशीनने पॉलिश मारून आणली, बॉनेट आरशासारखं, आणि चाकाच्या कमानींवर पांढरे शिंतोडे, दाराखालच्या क्लॅडिंगवर पॅड घासल्याचा लांब पट्टा. मास्किंग टेप लावलीच नव्हती. काका दोन वेळा शाम्पूने धुवून कंटाळले होते, म्हणाले, "ताई, हे आता असंच राहणार का गं?" मी म्हटलं, "काका, निघेल, फक्त घाई नको." ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाण्यात, जुना मऊ टूथब्रश, आणि एका वेळी तळहाताएवढाच भाग. ब्रश गोल गोल फिरवायचा, जोर द्यायचा नाही, खाचेतून आधी दुधासारखा फेस वर येतो, तो ओल्या मायक्रोफायबरने लगेच टिपून घ्यायचा, वाळू द्यायचा नाही, नाहीतर तोच परत आत बसतो. परत स्प्रे, परत ब्रश. फेस स्वच्छ दिसायला लागला की समजायचं त्या भागातलं वॅक्स गेलं. एका कमानीला बराच वेळ गेला, पण गेलं सगळं. पट्टा जिथे होता तिथे मात्र पॅडने टेक्श्चरच थोडं घासलं गेलंय, उन्हात तिरपं बघितलं की गुळगुळीत चकाकतं, ते आता कशानेच परत येणार नाही. डाग काढता येतो, झिजलेलं प्लास्टिक परत उगवत नाही.

यावर नेटवर पीनट बटर लावा, हीट गन मारा असले उपाय फिरतात. पीनट बटरमधलं तेल मेण सैल करतं हे खरं, पण मग ते तेल कोण काढणार, त्यावर धूळ बसते ती वेगळीच. हीट गनने प्लास्टिक काळं दिसतं कारण आतलं तेल पृष्ठभागावर येतं, काही महिन्यांनी परत फिकट, आणि दरवेळी आतला साठा कमी. जरा जास्त वेळ एका जागी धरली की प्लास्टिक वितळून चकचकीत डाग पडतो. मी तरी दोन्ही करू नका म्हणेन.

तर निवडताना माझी चाळणी अशी. पेस्ट वॅक्स डबीतलं, पेंटवर दिसायला सुंदर, खास करून गडद रंगावर, पण क्लॅडिंगवाल्या गाडीला प्रत्येक कडेला टेप लावल्याशिवाय हात लावायचा नाही. ज्यांची जुनी होंडा सिटी वगैरे आहे, काळं प्लास्टिक फारसं नाही, त्यांनी खुशाल वापरा. पांढरं लिक्विड पॉलिश ज्यावर "क्लीनर" किंवा "स्क्रॅच रिमूव्हर" लिहिलंय ते प्लास्टिकजवळ नकोच. मग उरतात पावडर नसलेले सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाऐवजी कृत्रिम थर धरणारे, आणि स्प्रे सिरॅमिक. ही मंडळी वाळून पांढरी होत नाहीत. लेबलवर ट्रिमसाठी सेफ असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा, "ऑल एक्स्टिरियर सरफेसेस" असं मोघम लिहिलं असेल तर मी आधी मागच्या बंपरच्या खाली, कोणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात थोडं लावून, वाळवून, दुसऱ्या दिवशी उन्हात बघते.

आणि एक गोष्ट लोक बघतच नाहीत, ती म्हणजे सॉल्व्हंट. बाटली उघडून केरोसिनसारखा वास आला किंवा मागे पेट्रोलियम डिस्टिलेट्स लिहिलेलं दिसलं तर दारांच्या रबरापासून लांब ठेवा. दारांची, काचांची बीडिंग बहुतेक ईपीडीएम रबराची असते आणि ईपीडीएमला ऊन चालतं, पाऊस चालतो, पण पेट्रोलियम तेल चालत नाही, फुगतं आणि मऊ पडतं. एकदा बीडिंग फुगलं की दार नीट बसत नाही, वाऱ्याचा आवाज येतो, पावसाळ्यात पाणी आत.

यावरून आठवलं, सर्व्हिसिंग सेंटरला गाडी धुवायला दिली की शेवटी तो पोरगा विचारतोच, "मॅडम, प्लास्टिकला डिझेल मारू का, काळंभोर दिसतंय." नाही म्हणायचं, दरवेळी नाही म्हणायचं, आणि तिथे उभं राहून बघायचं पण. मी सरळ सांगते, "नको दादा, नुसतं पुसून द्या." दोन दिवस काळं दिसतं, मग त्यावर धूळ चिकटून चिखलाचा थर होतो, आणि रबराचं वाटोळं ते वेगळंच. त्याची चूक नाही, त्याला तेच शिकवलंय आणि गिऱ्हाईकाला तेच आवडतं. पण आपली गाडी आहे, आपण सांगायला पाहिजे.

आता या वॅक्सबद्दल. मेग्वायर्स ही जुनी अमेरिकन कंपनी, 1901 ची, 2008 पासून थ्री एमकडे आहे. हायब्रिड सिरॅमिक वॅक्सची बाटली 768 मिलीची येते. नावात वॅक्स आहे पण डबीतल्या वॅक्ससारखं लावा, वाळवा, घासून काढा असलं काही नाही. गाडी शाम्पूने धुतली, पाणी मारलं, ओली असतानाच एका पॅनलवर बारीक फवारा, लगेच जोरात पाणी, मग टॉवेलने कोरडी. झालं. पेंटबरोबर काच, व्हील, ट्रिम सगळ्यावर चालतं असं कंपनीच सांगते.

मला जे पटलं ते हेच की यात वाळण्याची पायरीच नाही. ओल्यावर लावायचं आणि पाण्याने उडवायचं, म्हणजे क्लॅडिंगच्या खाचेत जे जास्तीचं गेलंय ते पाण्यासोबत बाहेर येतं. मी सुरुवातीला फक्त मागच्या डाव्या कमानीवर मारून बघितलं होतं, पेंट आणि प्लास्टिकची कड जिथे जुळते तिथे मुद्दाम जरा जास्त. दुसऱ्या दिवशी टॉर्च लावून बघितलं, खाचेत पांढरं काही नाही, दाण्यांवर चिकट थर नाही, बोट फिरवलं तर कोरडं. मग पूर्ण गाडीला मारलं. आता आमच्याकडे सोलापूरला एप्रिल-मे म्हणजे सकाळी नऊला बॉनेटला हात लागत नाही, आणि वाऱ्यासोबत बारीक धूळ, ती क्लॅडिंगच्या दाण्यांत अशी बसते की काळं प्लास्टिक करडं दिसायला लागतं. हे लावल्यापासून धूळ बसते, बसायची थांबत नाही, पण नुसत्या प्रेशरच्या पाण्याने बरीचशी निघून जाते, ब्रश लावायची गरज कमी पडते. माझ्यासाठी तोच मोठा फायदा आहे, कारण ब्रश जितका कमी तितकं टेक्श्चर आणि पेंट दोन्ही सलामत.

पेंटवर पाण्याचे थेंब छान गोल उभे राहतात, पांढऱ्या रंगावर शाइनमध्ये काही जमीन-अस्मानाचा फरक दिसत नाही, पांढऱ्यावर कशानेच दिसत नाही, पण हात फिरवला की कळतं. मेहुण्याच्या काळ्या गाडीला मारलं तेव्हा मात्र खोली आली रंगाला. टिकतं किती? माझी गाडी उघड्यावर असते, दोनेक महिने थेंब नीट दिसतात, मग पाणी पसरायला लागतं. धुताना परत मारायचं, वेळ फार जात नाही.

काही गोष्टी आधीच कळलेल्या बऱ्या. हे सावलीत आणि गार पॅनलवरच. तापलेल्या बॉनेटवर मारलं आणि पाणी मारायच्या आत वाळलं तर रेघा उठतात, विशेषतः गडद रंगावर, त्यामुळे एका वेळी एकच पॅनल. दुसरं, पाणी. आमच्याकडे बोअरचं पाणी, जड, वाळलं की पांढरे गोल ठिपके. लोक हे ठिपके वॅक्सचे समजतात, ते क्षाराचे असतात. शेवटची एक बादली तरी गोड्या पाण्याची, आणि पाणी मारल्या मारल्या मोठ्या टॉवेलने टिपायचं, पाणी आपोआप वाळेल म्हणून सोडायचं नाही. तिसरं, चाकांवर मारताना ब्रेकच्या डिस्कवर फवारा उडू देऊ नका, मी तर मायक्रोफायबरवर घेऊन हातानेच रिमला लावते. हे सोडू नका, ब्रेकचा प्रश्न आहे. चौथं, समोरच्या काचेला मी लावत नाही. बाजूच्या आणि मागच्या काचांना उत्तम, पण समोर असलं काही लावलं की कधी कधी वायपर थरथरतो आणि रात्री समोरच्या गाडीच्या लाइटमध्ये काच धुरकट दिसते. पुण्याहून रात्री पावसात येणाऱ्या माणसाला ते परवडत नाही.

आणि हे अगदी स्पष्ट सांगते, पांढरं पडलेलं, उन्हाने करपलेलं प्लास्टिक याने काळं होणार नाही. ते याचं कामच नाही. प्लास्टिक फिकट होतं ते वरच्या थरातल्या रेणूंची साखळी उन्हाने तुटून, त्याची पावडर होऊन. नवीन गाडीवर पहिल्यापासून लावलं तर वरचा थर धुण्याघासण्यातून वाचतो, पण आधीच गेलेल्यासाठी वेगळं ट्रिम रिस्टोरर किंवा ट्रिमचं वेगळं सिरॅमिक कोटिंग लागतं. ते लावायचं तर आधी क्लीनरने खाचा धुवून, पूर्ण वाळवून, मगच, नाहीतर घाणीवरच कोटिंग बसतं आणि मग ते ढलपे ढलपे दिसतं. डॅशबोर्डला मारतात ते चमकदार सिलिकॉन पॉलिश बाहेर मारू नका. पहिल्या पावसात ते ओघळून आरशाखाली दारावर रेघा उतरतात, पांढऱ्या गाडीवर तर फारच घाण दिसतं. रोजच्यासाठी वॉटर बेस्ड ट्रिम ड्रेसिंग घ्या, हाताला तेलकट लागत नाही ते.

मग दुकानात पेंटवर कडक थर चढवून देतात ते सिरॅमिक कोटिंगच का नाही करून घेतलं, हे सगळे विचारतात. मी विचारपूस केली होती. पेंटवर करायला माझी ना नाही, चांगल्या माणसाने केलं तर स्प्रेपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. पण दुकानात गेल्यावर मी विचारलं, "यात काळं प्लास्टिक धरलंय का?" तर उत्तर आलं, "होय मॅडम, त्याच बाटलीतलं मारतो." इथेच मी थांबले. पेंटचं कोटिंग गुळगुळीत पृष्ठभागावर पसरून काही मिनिटांत पुसून सारखं करायचं असतं, दाणेदार प्लास्टिकवर ते सारखं होत नाही, कुठे जाड कुठे पातळ, आणि वाळल्यावर गडद चट्टे दिसतात. हे वॅक्ससारखं टूथब्रशने निघत नाही, घासूनच काढावं लागतं आणि टेक्श्चरवर घासायची सोय नाही. ट्रिमसाठी बनवलेलं कोटिंग वेगळं मिळतं, जाणकार माणूस तेच वापरतो. तुम्ही कोटिंग करणार असाल तर हे तीन विचारा: ट्रिमला वेगळं प्रॉडक्ट आहे का, पॉलिशच्या आधी टेप लावणार का, आणि पहिले चोवीस तास गाडी कोरड्या बंद जागेत ठेवणार का. तीनही उत्तरं पटपट आली तर माणूस कामाचा आहे.

पीपीएफ, म्हणजे पेंटवर चिकटवायची पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्म, तिच्याबद्दल थोडक्यात, दगडांपासून पेंट वाचवायला तिच्यासारखं काही नाही, साधारण दीडशे ते दोनशे मायक्रॉनची फिल्म असते, पण दाणेदार प्लास्टिकवर ती धरत नाही, त्यामुळे पीपीएफ केलं तरी क्लॅडिंगचा प्रश्न आहे तिथेच.

पियानो ब्लॅकवाल्यांसाठी वेगळं सांगायला पाहिजे. दारांमधल्या खांबांवर किंवा ग्रिलवर जे चकचकीत काळं असतं त्याला पांढरे डाग पडत नाहीत, त्याला ओरखडे पडतात, नुसत्या कोरड्या फडक्याने सुद्धा. त्यावर हे स्प्रे वॅक्स चांगलंच, कारण पुसताना फडकं सरकतं. टॉवेल मात्र जाड आणि स्वच्छ, खाली पडलेला परत वापरायचा नाही. मॅट पेंटची गाडी असेल तर हे वॅक्स घेऊच नका, ते ग्लॉसी पेंटसाठी आहे, मॅटसाठीचं वेगळं मिळतं. जर्मन गाड्यांच्या काचेभोवती जी अॅल्युमिनियमची पट्टी असते ती अॅनोडाइज्ड असते, तिला वॅक्सचा धोका कमी आणि कडक शाम्पूचा जास्त. वॉशिंग सेंटरचा अल्कलीवाला फोम वारंवार लागला की तिच्यावर दुधी डाग येतात. त्यांनी वॅक्सच्या आधी न्यूट्रल पीएचचा शाम्पू घरून न्यावा.

किंमत ऑनलाइन कमीजास्त होते, दीड-दोन हजारांच्या घरात धरून चाला. बाटली मोठी आहे आणि एका पॅनलला दोन-तीन फवारेच लागतात, लोक उगीच चिंब करतात, त्याने काही जास्त टिकत नाही. घेताना विक्रेता कोण आहे ते बघा, सील तपासा, आणि बाटली डिकीत ठेवू नका, मे महिन्यात बंद गाडीत काय तापतं ते माहितीच आहे. घरात, सावलीत, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. हेच बजेटमध्ये बसत नसेल तर टर्टल वॅक्सचं हायब्रिड सोल्युशन्सचं स्प्रे कोटिंग आहे, ते कोरड्या गाडीवर लावून पुसायचं असतं, म्हणजे क्लॅडिंगजवळ फडक्यावर घेऊन लावलेलं बरं, थेट फवारा नको. पहिल्यांदा लावताना मागच्या बंपरच्या कोपऱ्यातली टेस्ट त्यालाही करा, रात्रभर ठेवा, आणि सकाळच्या उन्हात बघूनच पुढच्या पॅनलला हात लावा.